दाराआडचे मूल

रूपेरी पडद्यावरील एखाद्या अमेरिकन नटीचे चरित्र एका धर्मगुरूने या पानांवर का सांगावे, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात उभा राहील. प्रश्न रास्त आहे. नटनट्यांच्या चरित्रांत झगमगाट पुष्कळ असतो आणि वाचकाच्या पदरात धान्य थोडे पडते, असा बहुधा अनुभव आहे. परंतु डेल इव्हान्स या गायिका-अभिनेत्रीच्या आयुष्यात एक गोष्ट अशी आहे, की तिचा संबंध थेट आपल्या घरांशी पोहोचतो. या बाईला आयुष्यात दोनदा, दोन मुलांच्या बाबतीत, जाणत्या माणसांनी एकच सल्ला दिला : मूल लोकांच्या नजरेआड ठेवा. पहिल्या वेळी तिने तो मानला. दुसऱ्या वेळी मानला नाही. आज आम्ही तिच्याविषयी लिहीत आहोत, ते या दुसऱ्या वेळेमुळे.

डेलचा जन्म ३१ ऑक्टोबर १९१२ रोजी अमेरिकेतील टेक्सास राज्यात युवॅल्डी या गावी झाला. घरी तिला फ्रान्सिस म्हणत; आडनाव स्मिथ. कुटुंब बाप्टिस्ट पंथाचे, देवभीरू. पण मुलगी उतावळी. वयाच्या चौदाव्या वर्षी तिने घरातून पळून जाऊन एका तरुणाशी लग्न केले. १९२७ मध्ये, पंधरा वर्षांची असताना, तिला मुलगा झाला. त्याचे नाव टॉम. थोड्याच काळात नवरा मायलेकरांना सोडून निघून गेला. ज्या वयात आपल्याकडच्या मुली दहावीच्या परीक्षेची तयारी करीत असतात, त्या वयात ही मुलगी टाकलेली बायको आणि तान्ह्या बाळाची आई झाली होती.

तिच्या आईने तिला दूर लोटले नाही. नातवाला सांभाळण्यास ती पुढे आली. डेल मेम्फिस शहरात एका विमा कंपनीच्या कचेरीत नोकरीस लागली. कामाच्या वेळात गाणी रचत बसलेली ही मुलगी वरिष्ठांच्या नजरेस पडली आणि त्यांच्याच खटपटीने तिला रेडिओवर गाण्याची संधी मिळाली, असे ती पुढे सांगत असे. मेम्फिस, लुईव्हिल, डॅलस, शिकागो असा तिचा प्रवास झाला. 'डेल इव्हान्स' हे नाव तिला लुईव्हिलच्या रेडिओ केंद्रावर मिळाले. निवेदकाला उच्चारण्यास सोपे आणि ऐकणाऱ्याच्या कानात बसणारे, एवढाच त्या नावामागचा विचार होता. या धडपडीच्या वर्षांत तिचे आणखी दोन विवाह झाले आणि मोडले. विवाहसंस्काराविषयी आपल्या ख्रिस्तसभेची शिकवण वाचकांस ठाऊक आहे. ती येथे उगाळण्याचे कारण नाही. पोटासाठी राबणाऱ्या एका एकाकी तरुणीचे आयुष्य किती विस्कटलेले होते, एवढे ध्यानात आले म्हणजे पुरे.

१९४१ च्या सुमारास हॉलिवूडने तिला बोलावले. तेव्हा ती अठ्ठावीस वर्षांची होती. चित्रपटसृष्टीच्या हिशेबाने हे वय जास्त होते, आणि तेरा-चौदा वर्षांचा मुलगा असणे हे त्याहून जास्त. तिचे काम पाहणाऱ्या मध्यस्थाने तोडगा काढला : वय एकवीस सांगायचे, आणि टॉम हा मुलगा नसून धाकटा भाऊ आहे असे सांगायचे. डेलने ते मान्य केले. टॉमनेही मान्य केले. त्या मुलाला त्या वेळी काय वाटले असेल, याची कल्पना वाचकांनीच करावी. आईने आपल्याला 'भाऊ' म्हणून ओळख करून द्यावी, आणि आपण समोर उभे राहून मान हलवावी! डेलला त्या वेळी दोष देणे सोपे आहे. परंतु घरभाडे, शाळेची फी आणि म्हाताऱ्या आईवडिलांची काळजी डोक्यावर असलेल्या बाईला जगाने हीच अट घातली होती, हेही विसरता येत नाही. मुलाचे पोट भरायचे, तर मूल आपले नाही असे म्हणायचे, अशी ती अट होती.

तिचे खरे नशीब उघडले ते रिपब्लिक पिक्चर्स या कंपनीत. ही कंपनी कमी खर्चाचे 'वेस्टर्न' चित्रपट धडाक्याने काढीत असे. अमेरिकेच्या पश्चिम भागातील कुरणे, गुरे राखणारे घोडेस्वार काउबॉय, गावाला छळणारे दरोडेखोर आणि शेवटी न्यायाचा विजय, असा त्यांचा ठरलेला साचा. त्यात 'गाणारा काउबॉय' हा एक खास प्रकार होता आणि त्या प्रकारचा राजा होता रॉय रॉजर्स. ट्रिगर नावाचा त्याचा सोनेरी घोडा त्याच्याइतकाच प्रसिद्ध होता. १९४४ च्या 'द काउबॉय अँड द सेन्योरिटा' या चित्रपटात डेल प्रथम रॉयची नायिका झाली. तोवर तिला घोड्यावर धड बसताही येत नव्हते. पण तिचा गळा गोड होता, विनोदाची जाण होती, आणि नायकाच्या मागे लपून किंचाळत राहणारी नायिका तिने कधी रंगविली नाही. दोघांनी मिळून दोन डझनांहून अधिक चित्रपट केले. पुढे १९५१ ते १९५७ या काळात 'द रॉय रॉजर्स शो' हा त्यांचा कार्यक्रम दूरचित्रवाणीवर गाजला. त्यात डेल एका खानावळीची मालकीण असे आणि बटरमिल्क, म्हणजे ताक, असे मजेदार नाव असलेल्या घोड्यावर बसून गुन्हेगारांचा पाठलाग करी. कार्यक्रमाच्या शेवटी दोघे जे निरोपाचे गीत गात, ते 'हॅपी ट्रेल्स' डेलनेच रचलेले. अमेरिकेतील एका पिढीला ते गीत आजही पाठ आहे.

रॉयच्या घरी मात्र दुःख येऊन गेले होते. १९४६ च्या नोव्हेंबरात, मुलाच्या जन्मानंतर काही दिवसांतच, त्याची पत्नी आर्लिन वारली. मागे दोन मुली आणि एक तान्हा मुलगा राहिला. पुढल्या वर्षी, ३१ डिसेंबर १९४७ रोजी, ओक्लाहोमा राज्यात रॉय आणि डेल यांचा विवाह झाला. तिघा मुलांची सावत्र आई होणे सोपे नव्हते. मुलांना आपली आई आठवत होती, आणि भिंतीवर तिच्या तसबिरी होत्या. या गोंधळात डेलला आधार दिला तो टॉमने. तो आता विशीत पोहोचला होता आणि श्रद्धावान तरुण झाला होता. आईने पुन्हा उपासनेला यावे, म्हणून तो तिच्या मागे लागला. ती गेली, आणि तेथे तिचे मन पालटले. ज्या मुलाला तिने भाऊ म्हणून लपविले होते, त्यानेच तिला देवाच्या घरी परत नेले! पुढे तिने आपल्या पुस्तकांतून हे सारे, टॉमला लपविल्याची गोष्टही, उघडपणे लिहिले.

आता दुसऱ्या मुलाकडे येऊ.

२६ ऑगस्ट १९५० रोजी डेल आणि रॉय यांना मुलगी झाली. तिचे नाव रॉबिन. वर्तमानपत्रांना आनंद झाला, चाहत्यांच्या भेटी येऊ लागल्या. पण डॉक्टरांचे चेहरे गंभीर होते. रॉबिनला डाऊन सिंड्रोम होता आणि तिच्या हृदयातही दोष होता. त्या काळी अशा मुलांना 'मंगोल' या नावाने ओळखत. डोळ्यांच्या ठेवणीवरून पडलेले ते नाव अज्ञानातून आले होते आणि एका संपूर्ण मानववंशाचा त्यात अपमान होता. इंग्लंडमधील जॉन लँग्डन डाऊन या डॉक्टरने १८६६ मध्ये या स्थितीचे वर्णन केले होते, पण तिचे कारण कोणालाच ठाऊक नव्हते. ते १९५९ मध्ये फ्रान्समधील झेरोम लेजून, मार्थ गोतिये आणि रेमों तुर्पें यांच्या संशोधनातून जगापुढे आले. माणसाच्या पेशीत सर्वसाधारणपणे ४६ गुणसूत्रे असतात. या मुलांत एकविसाव्या क्रमांकाची दोन नव्हे, तर तीन असतात, आणि म्हणून एकूण ४७ होतात. आईच्या गरोदरपणातील एखाद्या चुकीचा, ग्रहणाचा वा कोणाच्या नजरेचा त्याच्याशी काडीमात्र संबंध नसतो. यांपैकी लेजून हे निष्ठावान कॅथोलिक होते. अशा मुलांच्या जगण्याच्या हक्कासाठी ते आयुष्यभर झगडले, आणि २०२१ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी त्यांना 'वंदनीय' म्हणून घोषित केले.

परंतु १९५० मध्ये हे ज्ञान नव्हते. त्या वेळचा वैद्यकीय सल्ला ठरलेला असे : मुलाचा लळा लागण्यापूर्वी त्याला एखाद्या संस्थेत ठेवा आणि विसरून जा. हा सल्ला निर्दयपणे दिला जात असे, असेही नाही. आईबापांचे भले करीत आहोत, असेच देणाऱ्यांना वाटे. डेल आणि रॉय यांच्या बाबतीत तर आणखी एक कारण होते. लक्षावधी मुलांचे ते लाडके नायक-नायिका. त्यांच्या घरात 'असे' मूल असल्याचे कळले, तर लोक काय म्हणतील?

'लोक काय म्हणतील' हे तीन शब्द जगाच्या सर्व भाषांत असावेत, असे आम्हांस वाटते. श्रीमंती, शिक्षण आणि धर्मनिष्ठा यांपैकी काहीही त्यांच्यापासून माणसाला वाचवीत नाही. अमेरिकेतील केनेडी घराणे कॅथोलिक, धनाढ्य आणि कर्तबगार. त्या घरातील रोझमेरी ही मुलगी बुद्धीने मंद होती. १९४१ मध्ये, ती तेवीस वर्षांची असताना, तिच्या मेंदूवर शस्त्रक्रिया करविण्यात आली. ती फसली. रोझमेरीचे चालणे-बोलणे कायमचे अधू झाले, आणि पुढे अनेक वर्षे ती कुठे आहे याची वाच्यताही घराण्याने केली नाही. १९६२ मध्ये तिची बहीण युनिस हिने नियतकालिकात लेख लिहून ते मौन मोडले. बुद्धीने दुर्बल असणाऱ्यांसाठी पुढे १९६८ मध्ये 'स्पेशल ऑलिम्पिक्स' या क्रीडास्पर्धा सुरू झाल्या, त्या याच युनिसच्या पुढाकाराने.

याच्या उलट उदाहरण फ्रान्सचे जनरल शार्ल द गॉल यांचे. त्यांची धाकटी मुलगी आन १९२८ मध्ये जन्मली. तिला डाऊन सिंड्रोम होता. द गॉल दांपत्याने तिला कधी संस्थेत धाडले नाही. बदली होईल तेथे, युद्धकाळात परदेशातसुद्धा, ती आईवडिलांबरोबर राहिली. जगापुढे ताठ आणि अबोल असणारा हा सेनानी घरी तिला मांडीवर घेऊन गाणी म्हणत असे. १९४८ मध्ये, वयाच्या विसाव्या वर्षी, ती वारली. १९७० मध्ये द गॉल निवर्तले, तेव्हा त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांना राष्ट्रीय थाटाची समाधी न देता गावच्या दफनभूमीत तिच्या शेजारी पुरण्यात आले.

डेल आणि रॉय यांनीही रॉबिनला घरी आणले. पैशाची ददात नव्हती, दाई ठेवणे परवडत होते, ही गोष्ट खरी. सर्व आयांच्या वाट्याला हे येत नाही. परंतु रात्री-अपरात्री छातीत घरघर सुरू झालेल्या बाळाजवळ बसण्याचे काम पैशाने होत नसते. रॉबिन संगीत ऐकून खुलत असे. भावंडे तिच्याभोवती जमत. त्या सावत्रपणाने अवघडलेल्या घराला या आजारी बाळाने एकत्र आणले, असे डेलने लिहिले आहे. १९५२ च्या ऑगस्टमध्ये घरात गालगुंडाची साथ आली. इतर मुले बरी झाली; रॉबिनचा आजार मेंदूपर्यंत गेला. २४ ऑगस्ट रोजी, दुसऱ्या वाढदिवसाला दोन दिवस उरले असताना, ती गेली.

काळाची गंमत पाहा. हृदय-फुप्फुस यंत्राच्या साहाय्याने उघड्या हृदयावर पहिली यशस्वी शस्त्रक्रिया डॉ. जॉन गिबन यांनी मे १९५३ मध्ये केली, म्हणजे रॉबिन गेल्यावर अवघ्या नऊ महिन्यांनी. गालगुंडाची लस अमेरिकेत १९६७ मध्ये वापरात आली. आज तेथे डाऊन सिंड्रोम असलेल्या माणसांचे सरासरी आयुर्मान साठीच्या घरात पोहोचले आहे. १९८३ च्या सुमारासही ते पंचवीसच्या आसपास होते. म्हणजे ज्यांना 'फार दिवस जगायची नाहीत' म्हणून बाजूला ठेवीत, ती मुले मुख्यतः आपण त्यांच्यावर उपचार करीत नव्हतो म्हणून जगत नव्हती.

रॉबिनच्या मृत्यूनंतर डेलने एक लहानसे पुस्तक लिहिले. त्याची रचना साधी आहे. स्वर्गात पोहोचलेली रॉबिन देवाला आपल्या पृथ्वीवरील दोन वर्षांची हकीकत सांगत आहे, अशी कल्पना. काही प्रकाशकांनी ते नाकारले. अखेर १९५३ मध्ये ते 'एंजल अनअवेअर' या नावाने प्रसिद्ध झाले आणि त्या वर्षी अमेरिकेत सर्वाधिक खपलेल्या पुस्तकांत त्याची गणना झाली. त्याच वर्षाच्या यादीत बिशप फुल्टन शीन यांचे 'लाइफ इज वर्थ लिव्हिंग' हेही होते. एक विद्वान बिशप आणि एक काउबॉय-पटांतली नटी शेजारी शेजारी उभी राहून एकच गोष्ट सांगत होती, असे म्हटल्यास वावगे होणार नाही. पुस्तकाचे मानधन डेलने स्वतःकडे ठेवले नाही. अशा मुलांच्या पालकांनी १९५० मध्ये नुकतीच स्थापन केलेल्या राष्ट्रीय संघटनेला तिने ते दिले. ती संघटना आज 'द आर्क' या नावाने काम करते.

परंतु पैशापेक्षाही मोठी गोष्ट वेगळी घडली. रॉय आणि डेल यांचे घोडेस्वारीचे खेळ गावोगावी होत. पुस्तक प्रसिद्ध झाल्यावर या खेळांना आईबाप आपली तशी मुले घेऊन येऊ लागले. आजवर जी मुले माजघरात किंवा संस्थांच्या भिंतींआड होती, ती दिव्यांच्या प्रकाशात, हजारो लोकांमध्ये येऊन बसू लागली. राजाराणींच्या घरात जर असे मूल जन्मू शकते आणि ते त्याची लाज बाळगीत नाहीत, तर आम्ही का बाळगावी, असा धीर त्या आईबापांना आला. कायद्याने जे साधले नसते, ते एका आईच्या खुलेपणाने साधले.

पुस्तकाच्या नावाविषयी दोन शब्द. ते इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राच्या तेराव्या अध्यायातून घेतले आहे. अनोळखी माणसांचे आदरातिथ्य करण्यास विसरू नका, कारण तसे करताना कित्येकांच्या घरी नकळत देवदूत येऊन गेले, अशा आशयाचे ते वचन. अब्राहामाने मम्रे येथे तीन वाटसरूंना पाय धुवायला पाणी दिले, ती कथा त्यामागे आहे. मूळ ग्रीकमध्ये आदरातिथ्यासाठी 'फिलोक्सेनिया' हा शब्द आला आहे. त्याचा अर्थ परक्यावरील प्रेम. आणि 'अँगेलोस' म्हणजे निरोप घेऊन येणारा, निरोप्या. आपल्या अपेक्षेत न बसणारे मूल हे आईबापांना पहिल्या क्षणी परकेच वाटते. त्याबद्दल कोणीही त्यांना दोष देऊ नये. डेललाही ते तसे वाटले होते, ती रडली होती, देवाला जाब विचारला होता. आदरातिथ्य सुरू होते ते त्यानंतर.

मात्र येथे एक सावधगिरी घ्यावीशी वाटते. 'देवदूत' हा शब्द डेलच्या दुःखाला फुंकर घालणारा होता. पण असे मूल खरे तर देवदूत नसते. ते मूल असते. ते हट्ट करते, वस्तू फोडते, मिस्सेच्या मध्येच मोठ्याने हसते, मोठे झाल्यावर रागावते, प्रेमातही पडते. 'देवाने तुम्हांला हे मूल तुमच्या आत्म्याच्या भल्यासाठी दिले' असे आपण आईबापांना सहज सांगून जातो. त्यात त्या मुलाच्या स्वतःच्या जगण्याची किंमत आपण विसरतो. रॉबिन ही रॉजर्स कुटुंबाला धडा शिकविण्याचे साधन नव्हती. देवाने तिला तिच्यासाठीच निर्माण केले होते, जसे तुम्हांला आणि आम्हांला केले आहे. तिच्यामुळे इतरांचे भले झाले, हा वरचा आशीर्वाद.

श्रद्धेने वागले म्हणजे पुढे सुखच मिळते, असे या चरित्रातून कोणी काढू पाहील, तर त्याची निराशा होईल. रॉबिन गेल्यावर त्याच वर्षी या दांपत्याने दोन मुले दत्तक घेतली. पैकी डोडी ही चॉक्टॉ या आदिवासी जमातीची मुलगी, आणि सँडी हा लहानपणी हालअपेष्टा सोसलेला, शरीराने दुबळा मुलगा. पुढे स्कॉटलंडच्या एका अनाथाश्रमातील मॅरियन त्यांच्या घरी वाढली, आणि कोरियातील युद्धानंतर अनाथ झालेली डेबी त्यांची मुलगी झाली. नऊ मुलांचे हे घर रंगाने आणि वंशाने एक नव्हते, आणि ते त्या काळच्या अमेरिकेत! ऑगस्ट १९६४ मध्ये मेक्सिकोतील अनाथ मुलांना भेटवस्तू देऊन चर्चच्या बसने परतताना अपघात झाला, त्यात बारा वर्षांची डेबी गेली. दुसऱ्या वर्षी सैन्यात असलेला सँडी जर्मनीत वारला. तेरा वर्षांत तीन मुले. डेलने प्रत्येकासाठी एक पुस्तक लिहिले आणि ती काम करीत राहिली. १९९६ मध्ये पक्षाघाताचा झटका आल्यावरही ती चाकांच्या खुर्चीतून दूरचित्रवाणीवर कार्यक्रम सादर करीत असे. जुलै १९९८ मध्ये रॉय गेला. ७ फेब्रुवारी २००१ रोजी, वयाच्या ८८ व्या वर्षी, कॅलिफोर्नियात ॲपल व्हॅली येथे तिने डोळे मिटले.

आता आपल्या घरांविषयी. उपवासकाळात वा नाताळाआधी घरांना आशीर्वाद देत आम्ही फिरतो, तेव्हा एखाद्या घरी आतल्या खोलीचे दार ओढून घेतलेले असते. आतून आवाज येत असतो. विचारले तर यजमान हळूच म्हणतात, "फादर, तो आत आहे. तो बाहेर आला, की पाहुण्यांना त्रास देतो." थोरल्या मुलीचे लग्न ठरायचे असते, तेव्हा धाकट्याला चार दिवस मामाकडे नेऊन ठेवतात. 'स्थळाला कळले, तर मोडेल' ही भीती खोटी नसते, स्थळे मोडतातही. म्हणून आमचा रोख त्या आईबापांवर नाही. ज्यांच्या भीतीने ते दार ओढले जाते, त्या आम्हा सर्वांवर आहे. जन्मांध माणसाला पाहून शिष्यांनी प्रभूला विचारले होते, की पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे? प्रभूने त्या प्रश्नालाच उत्तर नाकारले. दोन हजार वर्षे झाली, तरी तो प्रश्न आपल्या ओटीवर कुजबुजत असतो.

एका गैरसमजाचा येथे उल्लेख केला पाहिजे. 'त्याला काही कळत नाही, त्याची प्रथम कम्युनियन कशी होणार?' असे पुष्कळ पालक विचारतात. संत दहावे पायस यांनी १९१० मध्येच लहान मुलांसाठी हा मार्ग मोकळा केला. हा नेहमीचा पाव नव्हे, एवढा भेद ओळखण्याइतकी जाण त्यांनी पुरेशी मानली. अनेक बौद्धिक दिव्यांग मुलांना ही जाण शब्दांत सांगता येत नाही. ती त्यांच्या चेहऱ्यावर आणि जोडलेल्या हातांत दिसते. पालकांनी आपल्या धर्मगुरूंशी आणि धर्मशिक्षकांशी मोकळेपणाने बोलावे. तसेच २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने या मुलांच्या शिक्षणाचा हक्क मान्य केला आहे, हेही पालकांस ठाऊक असावे.

बाकी जे करावयाचे आहे, ते फार अवघड नाही. रविवारच्या मिस्सेत असे मूल मोठ्याने ओरडले, तर मागे वळून पाहू नये. त्याच्या आईला आठवड्यातून दोन तास मोकळे मिळावेत, म्हणून शेजारणीने त्याच्याजवळ बसावे. वाढदिवसाला गल्लीतल्या सर्व मुलांना बोलावताना त्याचेही नाव यादीत असावे. घरात गेल्यावर 'कसा आहे तो?' असे त्याच्यादेखत आईला न विचारता, 'कसा आहेस रे?' असे त्यालाच विचारावे. आणि घरात सून आणताना वा मुलगी देताना, त्या घरी असे भावंड आहे, हे कारण पुढे करू नये. वधूवरांच्या आईबापांनी एवढे पथ्य पाळले, तर आपल्या धर्मग्रामांतील पुष्कळ दारे आपोआप उघडतील.

रॉय आणि डेल यांच्या वस्तूंचे एक संग्रहालय होते. ते २००९ मध्ये बंद पडले, कारण त्यांना पाहिलेली पिढी ओसरत चालली होती. पेंढा भरून ठेवलेला ट्रिगर घोडा २०१० मध्ये लिलावात २,६६,५०० डॉलरना विकला गेला. जुने चित्रपट आता क्वचितच कोणी पाहते. परंतु ओक्लाहोमा शहरात १९५३ मध्ये स्थापन झालेले, दिव्यांगांना काम शिकविणारे आणि मिळवून देणारे 'डेल रॉजर्स ट्रेनिंग सेंटर' अजून चालू आहे. तेथे दररोज सकाळी अनेक तरुण-तरुणी डबा घेऊन कामावर येतात. सत्तर वर्षांपूर्वी त्यांना कोणी घराबाहेर काढले नसते.

त्यांच्यासारखे कोणी आपल्या शेजारी असेल, तर येत्या रविवारी त्याच्या घरी जावे, आणि त्याला आपल्याबरोबर मिस्सेला घेऊन यावे. पुढल्या बाकावर जागा असतेच.